हेडर सापडत नाही? आधी एरर नीट वाचा

कर्जत-खोपोलीच्या गाडीत इअरफोन लावून बसलेल्या सगळ्यांना आज एका एररबद्दल सांगतो. सी मधला कोड कंपाइल करायला घेतला की स्क्रीनवर येतं, 'फेटल एरर', मग एका फाइलचं नाव, आणि 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. हे बघून कितीतरी मुलं कोडिंग आपल्याला जमणारच नाही म्हणून सोडून देतात. खरं तर बहुतेक वेळा तुमच्या कोडमध्ये काही चुकलेलंच नसतं.

आपल्या कामाचं उदाहरण घेऊ. मराठी जोडाक्षरं नीट जुळवून दाखवणारी हार्फबझ नावाची लायब्ररी आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळीकडे तीच काम करते. ती वापरायची तर कोडमध्ये 'एचबी डॉट एच' हे हेडर घ्यावं लागतं. आणि नेमकं तेच सापडत नाही.

हेडर म्हणजे स्टेशनवरचं टाइमटेबल समजा, आणि लायब्ररी म्हणजे प्रत्यक्ष गाडी. प्रोग्रॅम नुसता चालवणाऱ्याला गाडी पुरते. कंपाइल करणाऱ्याला टाइमटेबलही लागतं. उबुंटूमध्ये हे टाइमटेबल वेगळ्या पॅकेजमध्ये असतं, ज्याच्या नावाशेवटी 'डॅश डेव्ह' येतं. म्हणून इन्स्टॉल करायचं 'लिबहार्फबझ डॅश डेव्ह'. पिपने काही टाकताना 'पायथन डॉट एच' नाही असं आलं, तर बहुतेक वेळा 'पायथन थ्री डॅश डेव्ह'. कुठली फाइल कुठल्या पॅकेजमध्ये आहे हे 'ॲप्ट-फाइल सर्च' सांगतं. फोनवर टर्मक्स वापरत असाल तर वेगळं डेव्ह पॅकेज शोधू नका, तिथे हेडर मूळ पॅकेजमध्येच येतात.

एवढं करूनही तीच एरर? मग फाइल आहे, पण आडवाटेला आहे. कंपायलर 'इन्क्लूड' फोल्डरमध्ये बघतो, आणि आपलं हेडर त्याच्या आतल्या 'हार्फबझ' फोल्डरमध्ये असतं. म्हणजे मेन लाइनवर शोधणाऱ्याला पळसदरीहून फुटणारी खोपोलीची लाइन दिसतच नाही! ती दाखवायची 'डॅश कॅपिटल आय' देऊन. पाठ करायची गरज नाही, 'पीकेजी-कॉन्फिग डॅश डॅश सीफ्लॅग्ज हार्फबझ' लिहा, रस्ता तोच सांगतो.

आता एरर बदलून 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आली, तर खूश व्हा. टाइमटेबल मिळालं, फक्त गाडी जोडायची राहिली. त्याच कमांडमध्ये 'डॅश डॅश लिब्ज' टाका, आणि जे उत्तर येईल ते कंपाइलच्या ओळीत तुमच्या फाइलच्या नावानंतर लिहा. आधी लिहिलंत तर काही वेळा पुन्हा तीच एरर येते.

एक मात्र करू नका. नेटवरून सुटं हेडर उचलून फोल्डरमध्ये टाकू नका. ते दुसऱ्या व्हर्जनचं असलं तर कंपाइल होईलही, पण प्रोग्रॅम चालताना भलतीकडेच कोसळेल. जुन्या टाइमटेबलवर गाडी पकडायला जाण्यासारखंच ते.

आणि दहा एरर आल्या तर पहिली वाचा. बाकीच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. त्या ओळीतलं फाइलचं नाव हाच तुमचा पत्ता. रोजचा डेटा संपायच्या आत काम होईल!

चला, पुढच्या भागात भेटू.