परत येणारे यान आणि नकाराचा अधिकार



एकदा वापरून समुद्रात टाकून द्यायच्या अग्निबाणाऐवजी पुन्हापुन्हा उडणारे यान, ही कल्पना मूलतः काटकसरीची आहे. अमेरिकेने 1972 साली स्पेस शटलला मान्यता दिली ती याच काटकसरीच्या भरवशावर. यान उतरावे, त्याची डागडुजी व्हावी आणि दोन आठवड्यांत ते पुन्हा आकाशात जावे, असे चित्र त्या वेळी रंगविले गेले. प्रत्यक्षात एकाच यानाच्या दोन उड्डाणांमधील सर्वांत कमी अवधी ठरला 54 दिवसांचा. तो 1985 साली ‘अटलांटिस’ने गाठला. एका वर्षात सर्वाधिक उड्डाणे झाली ती अवघी नऊ.

आश्वासन आणि वास्तव यांतील ही दरी माणसाच्या श्रमाने भरून काढावी लागली. ‘कोलंबिया’च्या अंगावर उष्णतारोधक फरशा होत्या तीस हजारांहून अधिक. वाळूपासून बनविलेल्या तंतूंच्या या हलक्या फरशांपैकी जवळजवळ प्रत्येकीचा आकार वेगळा. त्या हातांनी चिकटवायच्या आणि हातांनीच तपासायच्या. 1979 साली यान केनेडी केंद्रात पोहोचले तेव्हा हजारो फरशा बसवायच्या राहिल्या होत्या. उड्डाण त्यानंतर दोन वर्षांनी झाले. 12 एप्रिल 1981 च्या त्या पहिल्या उड्डाणाचा जयजयकार जगाने ऐकला. परंतु त्यापूर्वी 24 दिवस, तयारीच्या एका चाचणीनंतर, नायट्रोजन भरलेल्या यानाच्या मागच्या कप्प्यात शिरलेले तंत्रज्ञ गुदमरून कोसळले आणि त्यांतील दोघे पहिले उड्डाण पाहण्याआधीच मरण पावले, हे किती जणांना ठाऊक आहे?

पुनर्वापराचा खरा कस उड्डाणात नव्हे, तर दोन उड्डाणांच्या मधल्या काळात लागतो. त्या काळात वेळापत्रकाचा शब्द चालतो की तपासणाऱ्याचा, यावर अंतराळवीरांचे प्राण अवलंबून असतात. 27 जानेवारी 1986 च्या रात्री अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी, एवढ्या थंडीत सांध्यांतील रबरी कडी दगा देईल, म्हणून उड्डाणास विरोध केला. व्यवस्थापनाने तो मोडून काढला. दुसऱ्या दिवशी ‘चॅलेंजर’ सात जणांसह नष्ट झाले. चौकशी आयोगाने वेळापत्रकाच्या दडपणाकडे बोट दाखविले. सुट्या भागांच्या टंचाईमुळे एका यानाचे भाग काढून दुसऱ्याला बसविले जात होते, हेही नोंदविले. या आयोगाचे सदस्य असलेले शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना आढळले की, यान गमावण्याचा धोका व्यवस्थापक लाखात एक मानत होते, तर अभियंते शंभरात एक.

हा धडा तरी टिकला काय? 1996 साली उड्डाणांच्या तयारीचे मुख्य काम एका खाजगी संयुक्त कंपनीकडे गेले. मनुष्यबळ आणि सरकारी तपासण्या दोन्ही घटल्या. 2003 साली उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा ‘कोलंबिया’च्या डाव्या पंखावर आदळला. पंखाची छायाचित्रे मिळवावीत, ही अभियंत्यांची विनंती वरिष्ठांनी पुढे जाऊ दिली नाही. 1 फेब्रुवारीला यान परतताना भस्म झाले. सात मृतांमध्ये कर्नालची कल्पना चावला होती. नंतरच्या चौकशीने तांत्रिक दोषाइतकीच जबाबदारी संस्थेच्या कार्यपद्धतीवर टाकली.

आता हे युग खाजगी यानांचे आहे. 2020 साली माणसे घेऊन गेलेली ‘एंडेव्हर’ ही ड्रॅगन कुपी डागडुजीनंतर 2021 साली पुन्हा माणसांसह उडाली. भारतातही 2024 साली चळ्ळकेरे येथे ‘पुष्पक’ हे मानवरहित चाचणीयान त्याच पंखी सांगाड्यासह दुसऱ्यांदा उतरविले गेले. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु यान पुन्हा वापरता येते, माणूस नाही. म्हणून पुनर्वापराच्या हिशेबात इंधन आणि धातू यांच्याबरोबर आणखी एक रकाना हवा: पान्हा हातात असलेल्या तंत्रज्ञाने ‘थांबा’ म्हटले तर उड्डाण थांबेल, आणि त्याची नोकरी जाणार नाही. ही हमी नसलेली काटकसर ही काटकसर नव्हेच. ती दुसऱ्याच्या प्राणांवर काढलेली उधारी होय.