अम्मीची चिठ्ठी

(नळदुर्ग येथील तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी याच गावचा. वीस वर्षं झाली, माझं औषधांचं दुकान आहे. रोज लोकांच्या चिठ्ठ्या वाचतो. आज मात्र अशा एका चिठ्ठीबद्दल बोलणार आहे, जी मागायची माझी स्वतःची हिंमत होत नव्हती.

माझ्या अम्मीला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. कळेपर्यंत तो पाठीच्या हाडांत गेला होता. केमोनंतर पोटात पाणी ठरत नव्हतं. रात्री दोन-तीनला ती उठून बसायची, उशी दातात धरायची, म्हणजे पोरांना आवाज जाऊ नये. मी औषधवाला, आणि माझ्याकडे तिच्यासाठी काही नव्हतं.

एके दिवशी मामूंचा मुलगा सोलापूरहून एक छोटी बाटली घेऊन आला. "भाईजान, गांजाचं तेल आहे. कॅन्सरवाले घेतात." बाटलीवर लेबल नाही, बॅच नंबर नाही, कंपनीचं नाव नाही. येताना नाक्यावर पोलिसांनी त्याची मोटारसायकल थांबवली होती. लायसन्स बघितलं आणि सोडलं. सांगताना त्याचे हात थरथरत होते. बाटली मी मोरीत ओतली. तो माझ्यावर रागावला, आणि खरं सांगतो, मलाही माझाच राग आला. कारण त्या रात्री अम्मी पुन्हा उशी चावत होती.

ती बाटली सापडली असती तर काय झालं असतं, ते ऐका. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्याचा राळेसारखा चीक. हशीश ऑइल, म्हणजे असलं घट्ट तेल, चरसमध्येच मोजतात. अगदी थोडा माल असला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर याच कायद्याचं ५४ वं कलम असं की माल तुमच्या ताब्यात सापडला, तर गुन्हा तुमचाच असं कोर्ट धरून चालतं. उलट सिद्ध करायचं ते तुम्ही. आपल्या पोरांनी हे दोनदा ऐकावं. नाव विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण त्याच कायद्याचं ८ वं कलम वाचा. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी, नियमाप्रमाणे, वाट ठेवलेली आहे. दार बंद नाही, आपण ते ठोठावत नाही.

मी अम्मीच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, "गांजाचं औषध कायद्यानं मिळतं का?" वाटलं, हाकलून देतील. ते म्हणाले, "आधी मॉर्फिनबद्दल बोलू."

मॉर्फिन अफूपासून बनतं. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते. तरीही १९८५ नंतर परवान्यांच्या जंजाळामुळे दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं याविरुद्ध लढले. २०१४ साली कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवता येतं, ढीगभर परवाने लागत नाहीत. गोळी स्वस्त असते. मला, औषधवाल्याला, यातलं निम्मं माहीत नव्हतं. चौथ्या रात्री अम्मी पहाटेपर्यंत झोपली.

दुखणं आवरलं. मळमळ आणि भूक राहिली. त्यासाठी डॉक्टरांच्या संमतीनं मी एका नोंदणीकृत वैद्यांकडे गेलो. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. तिच्या पानांचा, शेंडे सोडून, एनडीपीएसमधल्या गांजाच्या व्याख्येत समावेश नाही. पानांवर राज्याचं उत्पादन शुल्क खातं नियंत्रण ठेवतं. म्हणून पानांपासून आयुषच्या परवान्यानं औषधं बनतात. औषधांच्या कायद्यात भांग 'अनुसूची ई-१' मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. त्यामुळे लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना असावी लागते.

वैद्यांनी अम्मीची पूर्ण फाइल वाचली. हृदयाचं, डोक्याचं काही दुखणं आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, सगळं विचारलं. मग अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करायला सांगितलं. आणि म्हणाले, "कॅन्सर बरा होईल असं कोणी सांगितलं, तर तिथून उठून या."

ते खरं होतं. केमोच्या उलट्यांसाठी गांजातल्या टीएचसीसारखी कृत्रिम औषधं अमेरिकेत १९८५ मध्येच मान्य झाली, म्हणजे आपला कायदा आला त्याच साली. लहान मुलांच्या काही अवघड फिट्सवर गांजातल्याच सीबीडीचं औषध तिथे २०१८ ला मान्य झालं. पुरावा आहे तो अशा काही त्रासांपुरता. कॅन्सर बरा करण्याचा नाही.

राहिला घरातला प्रश्न. खाला म्हणाल्या, "नशा हराम आहे. आखिरी वक्तात तिला हे पाजणार?" मी आमच्या मौलानांकडे गेलो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. जाणकार डॉक्टरनं दिलंय का? आणि हे नशेसाठी आहे की तकलीफसाठी? सूरह बकरामध्ये मजबुरीत सापडलेल्याला सूट आहे, हे त्यांनी खालांना घरी येऊन समजावलं. सगळे उलेमा एकच मत देतील असं नाही. पण विचारल्याशिवाय स्वतःच फतवा काढून आईला तडफडत ठेवणं, हे दीन नाही.

आता तुमच्या कामाचं सांगतो. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, दुसरं औषध लपवून देऊ नका. वैद्य नोंदणीकृत आहेत का ते बघा. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक, तारीख, रुग्णाचं नाव, मात्रा आणि किती द्यायचं, हे सगळं हवं. बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत वाचा. बिल घ्या. प्रवासात मूळ चिठ्ठी, बिल आणि लेबल असलेली बाटली एकत्र ठेवा. घेतल्यावर गाडी चालवायची नाही. गरोदर बाईनं किंवा मानसिक आजार असलेल्यानं यापासून लांब राहावं. आणि चिठ्ठी आहे म्हणून कोपऱ्यावरचा गांजा कायदेशीर होत नाही, हे विसरू नका.

अम्मी त्यानंतर पाच महिने जगली. कॅन्सर गेला नाही. पण त्या पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आलं, किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झाले, तेव्हा ती म्हणाली, "मला पाणीमहाल बघायचाय." आम्ही तिला खुर्चीवर बसवून नेलं. तिथे तिनं अर्धी भाकरी आणि थोडं सालन खाल्लं, आणि ते पोटात ठरलं.

ती भाकरी मला त्या बिनलेबलच्या बाटलीनं दिली नसती. ती एका कागदानं दिली, जो मागायला मी दोन महिने घाबरलो. ते दोन महिने अम्मीनं उशी चावून काढले. तुमच्या घरात कोणी असं जागत असेल, तर उद्या सकाळीच डॉक्टरांसमोर जाऊन बसा आणि विचारा.