न्यूमोनिया : जंतूंची ओळख आणि लक्षणे
(पालक-सभेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे, शिक्षक आहे. औषध सांगणे हे माझे काम नाही. परंतु रोगाची चाहूल ओळखून रोग्याला वेळेवर डॉक्टरांकडे नेणे हे घरातल्या माणसांचेच काम आहे आणि न्यूमोनियाच्या बाबतीत पुष्कळदा तेच राहून जाते. खोकला साऱ्या घराला ऐकू येतो. वाढलेला श्वास मात्र कोणी मोजत नाही.

आपल्या फुफ्फुसांत हवेच्या कोट्यवधी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. रक्ताला प्राणवायू तेथेच मिळतो. जंतू तेथे शिरले की शरीर त्यांच्याशी झुंजते. या झुंजीत वायुकोशांत द्रव व पू साठतो आणि फुफ्फुसाचा तेवढा भाग निकामी होतो. हा रोग इस्पितळात असताना नव्हे, तर घरी, शाळेत, बाजारात वावरताना जडला, तर डॉक्टर त्याची वेगळी गणना करतात. तो विषाणूंमुळेही होतो. आज आपण जीवाणूंपुरतेच बोलू.

यांतला मुख्य शत्रू न्यूमोकॉकस. १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. तो जोडीने राहतो. त्याच्याभोवती आवरण असल्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशींना तो सहजासहजी गिळता येत नाही. दुसरा हिमोफिलस, लहान मुले आणि विडी-सिगारेटने फुफ्फुसे खराब झालेली माणसे यांना तो गाठतो. फ्लूच्या पाठोपाठ स्टॅफिलोकॉकस येतो. मधुमेही व मद्यपी यांना क्लेब्सिएलाचे भय अधिक. शाळकरी मुलांत व तरुणांत मायकोप्लाझ्मा आढळतो. त्याला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिन त्याच्यापुढे चालत नाही. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या संमेलनानंतर अनेकजण दगावले; पाण्यात वाढणारा त्यामागचा लिजिओनेला हा जंतू १९७७ साली सापडला. जंतू असे निरनिराळे आहेत, म्हणून शेजाऱ्याच्या घरी उरलेल्या गोळ्या आपल्या मुलाला देऊ नयेत. आणि डॉक्टरांनी दिलेले औषध, ताप उतरला तरी, सांगितलेले दिवस पुरे करावे.

आता लक्षणे. न्यूमोकॉकसचा हल्ला बहुधा एकाएकी होतो : हुडहुडी भरून ताप, खोकला, कधी गंजाच्या रंगाचा बेडका, आणि श्वास घेताना बरगडीत सुरी खुपसल्यासारखी कळ. मायकोप्लाझ्मा मात्र हळूहळू येतो : डोकेदुखी, घसादुखी आणि रेंगाळणारा कोरडा खोकला. वृद्धांत ताप नसेलही. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, जेवण सोडले, तरी शंका घ्यावी. खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयासाठी बेडका तपासून घ्यावा.

लहान मुलांची खूण मात्र अगदी सोपी आहे. मूल शांत असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद समजावा व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडले असतील, मूल दूध पीत नसेल, तर क्षणाचाही विलंब नको. छातीला तेल चोळत रात्र काढण्याची ती वेळ नव्हे.

हे काम अवघड नाही याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावच्या कार्यकर्त्यांना व सुइणींना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. तेथील बालमृत्यू घटल्याचा वृत्तांत १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गावातली सुईण जे शिकली, ते शिकलेल्या आईबापांना का जमू नये?

न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि २०२१ पासून ती देशभर मोफत मिळते. सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वयांत ती न चुकता द्यावी. चुलीचा व विडीचा धूर बाळापासून दूर ठेवावा.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर धाकट्या भावंडाचा श्वास एकदा मोजून पाहा आणि अम्मीलाही शिकवा. बरे असतानाचा आकडा ठाऊक असला, म्हणजे आजारपणातला फरक तुमच्या ध्यानात येईल.