आडोशाचा आग्रह



छायाचित्रकारांच्या संमेलनात अध्यक्षाने वर्षभराच्या घडामोडींचा आढावा घ्यावा असा संकेत आहे. मोबाइलमुळे व्यवसायावर आलेला ताण, ड्रोनच्या परवानग्या, यंत्राने रचलेली निसर्गचित्रे हे सगळे विषय मोठे आहेत आणि त्यांच्यावर परिसंवादही ठेवलेले आहेत. मला मात्र कित्येक वर्षे मनात साठलेली एकच गोष्ट आज बोलायची आहे. आपल्या क्षेत्रात हालअपेष्टांचे कौतुक होते. चित्र कसे आहे हे पाहण्याआधी ते काढताना छायाचित्रकाराने काय काय सोसले हे सांगितले जाते. तो चिंब भिजला, उपाशी राहिला, शेवाळलेल्या कातळावर एका पायावर उभा होता, या वर्णनाने चित्राची किंमत वाढते असे आपण धरून चाललो आहोत. या समजुतीने आपल्या कलेचे नुकसान केले आहे आणि माणसांचे जीव धोक्यात घातले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे बोलायला, आपण जमलो आहोत त्या शिवथर खोऱ्यासारखी दुसरी जागा नाही. समर्थ रामदासांनी इथल्या घळीत दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ही घळ शोधून काढली. घळीशेजारच्या धबधब्याचे समर्थांच्या नावाने प्रसिद्ध असलेले वर्णन आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. कोसळत्या पाण्याचा नाद, वाऱ्यावर उडणारे तुषार, त्यांचे होणारे धुके, एवढे बारकावे एका नजरेत टिपता येत नाहीत. त्यासाठी बसावे लागते, आणि पुष्कळ वेळ बसावे लागते. घळीत डोक्यावर कातळाचे छत आहे, बसायला कोरडी जागा आहे आणि पाणी हाकेच्या अंतरावर आहे. या धबधब्याचे सर्वांत चांगले चित्र शब्दांत उमटले ते आडोशाला बसलेल्या माणसाकडून. आपल्या तंत्रालाही हेच लागू पडते. वाहत्या पाण्याचे रेशमी पदर मिळवायला पाव सेकंद ते एक सेकंद एवढा शटर पुरतो. पण ढग फाटून योग्य उजेड येईपर्यंत थांबायला दोन-तीन तासही लागतात. म्हणून चित्र कोणत्या चौकटीत बसते हा प्रश्न दुसरा. इथे तीन तास निर्धोकपणे थांबता येईल का, हा पहिला. आपल्या कार्यशाळांतून दुसरा प्रश्न दिवसभर शिकवतात आणि पहिल्याला जेवणाच्या सुट्टीआधीची पाच मिनिटे देतात.

कॅमेऱ्यातून समोरचा तुकडाच दिसतो. सह्याद्रीत धोका येतो तो वरून आणि मागून. ओढ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊन असेल, पण त्याच्या पायाशी येणारे पाणी घाटमाथ्यावर पडलेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन पाणी पिऊन तुडुंब झालेली असते, उतार तीव्र असतो, त्यामुळे वर पडलेले बहुतेक सगळे पाणी थेट खाली धावते. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खात्याच्या प्रतवारीत २०४.४ मिलिमीटरच्या पुढे सर्वांत वरची पायरी सुरू होते, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचा आवाका कळतो. सावित्री तिथेच उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. त्या पुरात महाड शहराचे काय झाले ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. मोठ्या नदीचे हे, तर अरुंद ओहोळाचे काय होत असेल? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. एकमेकांना घट्ट धरून ती खडकावर उभी होती, आणि सभोवार पाणी चढत गेले. त्यांच्यात ताकद कमी होती असे नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणीही मग माणसाला उभे राहू देत नाही. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, वरच्या बाजूचा आवाज बदलला, की सामान आवरत बसायचे नाही, काठ गाठायचा. पऱ्याकाठी राहणाऱ्या कुणालाही हे माहीत असते. तिपाई पाण्यात रोवून डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही, आणि धबधब्याच्या गर्जनेत ऐकूही येत नाही. म्हणून सोबतीला एक माणूस असा हवा, ज्याच्या हातात कॅमेरा नाही.

आता सुखाविषयी. हा शब्द उच्चारला की आपल्याकडे नाके मुरडतात, आणि माझे खरे भांडण तिथेच आहे. अंग कोरडे ठेवणे, वेळेवर खाणे, पाणी पिणे हे चोचले नाहीत. निर्णयशक्ती शाबूत ठेवण्याची ती साधने आहेत. अंगातली उष्णता घसरायला हवा शून्याखाली जावी लागते हा गैरसमज आहे. घाटमाथ्यावरचा पावसाळी वारा आणि भिजलेले सुती कपडे एवढे त्याला पुरे आहेत. आधी बोटे बधिर होतात, मग चिडचिड येते, मग विचार मंदावतो. विचार मंदावला आहे हे कळायला जो विचार लागतो तोही त्याबरोबरच मंदावतो, आणि नेमक्या त्या अवस्थेत माणूस ‘अजून एकच फ्रेम’ म्हणत कड्याकडे दोन पावले पुढे सरकतो. आपण वातानुकूलित गाडीतून लेन्स थेट दमट हवेत काढत नाही. तिच्यावर बाष्प धरते म्हणून ती बॅगेतच हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ देतो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. काचेची एवढी निगा राखणारा माणूस कोरडा सदरा आणि मूठभर शेंगदाणे-गूळ बरोबर घेत नाही, हे मला कधीच पटलेले नाही. या बाबतीत कोकणात भातलावणी करणाऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. त्यांचे पावसात पांघरायचे इरले डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकते, वाकल्यावर सरकत नाही आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. छत्रीला यातले एकही जमत नाही. भर पावसात दोन्ही हातांनी काम करणाऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला. आपण तो सोडवायचाच टाळला, कारण भिजण्यात आपल्याला मोठेपणा वाटतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मोठे चित्र जोखमीशिवाय मिळत नाही. दाखला म्हणून अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचे नाव हमखास येते. १९२७ मध्ये तो काचेच्या जड प्लेटा घेऊन बर्फातून चढून गेला आणि योसेमिटीच्या हाफ डोम सुळक्याचे गाजलेले चित्र त्याने काढले, हे खरे आहे. पण तो सोबत्यांसह गेला होता आणि भर दिवसाउजेडी गेला होता, हे सांगायचे राहून जाते. आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र, हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय, १९४१ मध्ये रस्त्याच्या कडेला, गाडीच्या टपावर बसवलेल्या फळीवरून काढलेले आहे. त्या चित्रापुढे उभे राहणाऱ्या कुणालाही तो कुठे उभा होता हे विचारावेसे वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इथली माणसे याच वाटांनी रोज जातात, मग आपणच एवढे का बिचकावे? इथली माणसे वाट, दिवस आणि पाणी पाहून जातात, आणि पाणी फुगले की घरी थांबतात. तेवढे करूनही या महाड तालुक्याने काय भोगले आहे? जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडींनी बळी घेतले. या लोकांची घरेच डोंगराखाली आहेत, त्यांना पर्याय नव्हता. आपल्याला आहे. त्या दिवशी न येण्याचा पर्याय आपल्या हातात असतो. वरंध घाटाच्या वळणावर ओल्या दरडीखाली गाडी लावून धुक्याची चित्रे काढणाऱ्याने हा फरक ओळखला पाहिजे. आणखी एक गोष्ट आहे. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत कोसळली. अशा वेळी दोर बांधून खाली उतरतात ते याच परिसरातले तरुण. आपली हौस त्यांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हा प्रत्येकाचा खाजगी प्रश्न आहे असे म्हणण्याचा अधिकार मी कुणालाही देत नाही.

धबधब्यांवरच्या मनाई आदेशांबद्दल इथे पुष्कळ नाराजी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. महिनाभराच्या सरसकट बंदीपेक्षा पावसाच्या इशाऱ्यांशी जोडलेली बंदी शहाणपणाची ठरेल. पण प्रशासनाकडे तशी मागणी करायची तर आपण स्वतःला घातलेली काही शिस्त दाखवता आली पाहिजे. आज ती नाही. आपल्या स्पर्धांच्या अर्जांत कॅमेरा, लेन्स, शटर, छिद्र, आयएसओ या सगळ्यांना रकाने आहेत. छायाचित्रकार कुठे उभा होता आणि त्या दिवशी कोणता इशारा लागू होता, याला रकाना नाही. लाल इशाऱ्याच्या दिवशी ओढ्याच्या पात्रातून काढलेले चित्र कितीही देखणे असले तरी परीक्षकांनी ते बाजूला ठेवावे, असे मी सुचवतो. आपण बक्षीस देतो त्या जागी पुढच्या पावसाळ्यात शंभर जण उभे राहतात.

स्थानिक बचावपथकांना दोर आणि साहित्य पुरवण्याचे काहीतरी कायमचे करायला हवे. नवोदितांच्या अभ्यासक्रमात ओढा आणि उतार वाचण्याचा एक पूर्ण दिवस हवा. तो शिकवायला याच खोऱ्यातली जाणती माणसे बोलवावीत आणि त्यांना मानधन द्यावे. यांचा तपशील कार्यकारिणीने ठरवावा. स्पर्धेच्या अर्जातला तो रकाना मात्र पुढच्या नियमावलीच्या छपाईपूर्वीच घालता येईल. त्याचा मसुदा करायला मी आज संध्याकाळी, परिसंवाद आटोपल्यावर, इथेच बसणार आहे. ज्यांना तो मान्य नाही त्यांनीही अवश्य यावे.