क्लेमची फाइल : अपघातानंतरचे पहिले सहा महिने

आजचा भाग थोडा वेगळा आहे. आज कोड नाही, करिअर नाही. आज अपघाताच्या क्लेमबद्दल बोलूया. म्हणजे रस्त्यावर कुणीतरी आपल्याला उडवलं, तर नुकसानभरपाईचा दावा वकील कसा तयार करतात, कुठे दाखल करतात आणि त्यात आपलं काम काय असतं.

आधीच सांगतो, मी वकील नाही. मी बीटेकवाला, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा माणूस. पण माझ्या मामेभावाच्या क्लेमची फाइल तीन वर्षं मीच सांभाळली. त्यात जे शिकलो, ते सांगतोय.

तर झालं असं. जून 2022. भाऊ 26 वर्षांचा, आयटीआय फिटर, चाकणच्या पट्ट्यात कॉन्ट्रॅक्टवर कामाला. सेकंड शिफ्ट संपवून मित्राच्या मागे बाईकवर बसून येत होता. मागून टेम्पोने धडक दिली. मित्राला खरचटलं, भावाच्या उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रॉड टाकला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोचा मालक हॉस्पिटलमध्ये हजर. हात जोडून म्हणाला, "पंचवीस हजार देतो, पोलीस केस नको. पोरं आहेत, मिटवून टाकू." मामा तयार पण झाले होते. आपल्याकडे कोर्टाचं नाव काढलं की घाम फुटतो ना! मामी तेवढ्या म्हणाल्या, "आधी त्याचा पाय बघू दे, मग तुमचे पैसे बघू." ते वाक्य नसतं तर आजचा हा भागही नसता.

पैसे देणार कोण?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. आपल्याला वाटतं, गरीब ड्रायव्हरच्या खिशातून पैसे काढायचे आहेत. तसं नसतं. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि तो नेमका यासाठीच असतो. दाव्यात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी असे सगळे समोर असतात, पण चेक सहसा विमा कंपनी देते. ड्रायव्हरकडे वैध लायसन्स नसलं तरी बऱ्याचदा कोर्ट सांगतं, आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. सुप्रीम कोर्टाच्या 2004 च्या स्वरणसिंग निकालापासून हे चालत आलंय.

आता टेम्पोवाल्याला पोलीस केस का नको होती? तर फौजदारी केस त्याच्यावर होते म्हणून. आपला क्लेम हा वेगळा ट्रॅक आहे. तो मोटार वाहन कायदा 1988 खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. सगळे त्याला एमएसीटी म्हणतात. अपघात झाला तिथे, आपण राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे दावा टाकता येतो. म्हणजे सोलापूरचा पोरगा पुण्यात उडवला गेला, तर प्रत्येक तारखेला पुण्याला यायलाच पाहिजे असं नाही.

पहिली चूक : हॉस्पिटलमधलं एक वाक्य

आम्ही शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकील मॅडमकडे गेलो. मला वाटलं, त्या आधी विचारतील अपघात कसा झाला. त्यांनी आधी हॉस्पिटलचा पहिला केसपेपर मागितला. वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

त्यावर लिहिलं होतं, "बाईक स्लिप होऊन पडले."

कुणी सांगितलं असं? तर मित्राने. घाबरलेला, त्यात पोलीस केसची भीती. कॅज्युअल्टीत विचारलं तर बोलून गेला, "स्लिप झाली." बस्स. विमा कंपनीचा वकील पुढे याच एका ओळीवर उभा राहणार होता. गाडी आपोआप घसरली तर टेम्पोचा संबंध काय?

म्हणून नीट ऐका. अपघातानंतर हॉस्पिटलमध्ये जे पहिल्यांदा नोंदवलं जातं, ते पुढे फार वजनदार ठरतं. खरं काय ते सांगा. गाडीने धडक दिली असेल तर तसं सांगा, नंबर माहीत असेल तर तोही सांगा. आमच्या केसमध्ये एफआयआर दुसऱ्याच दिवशी झाली होती आणि टेम्पोच्या पुढच्या भागाचं नुकसान पंचनाम्यात आलं होतं, म्हणून वाचलो. तरी त्या मित्राला साक्षीदार म्हणून उभं राहून सांगावं लागलं, की मी तेव्हा घाबरून खोटं बोललो. उलटतपासणीत त्याची जी अवस्था झाली ना, तो अजून आठवण काढतो.

एक दिलासा मात्र आहे. क्लेममध्ये फौजदारी केससारखं "संशयापलीकडे" सिद्ध करावं लागत नाही. काय घडण्याची शक्यता जास्त दिसते, ते न्यायाधिकरण बघतं. पण त्यासाठीसुद्धा कागद लागतोच. आपल्या भाषेत सांगायचं तर, लॉग नसेल तर बग कोण मान्य करणार?

मॅडमनी दिलेली यादी

ही यादी लिहून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा.

पोलिसांकडून : एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, गाडीचा तपासणी अहवाल, पुढे चार्जशीट. शिवाय टेम्पोचं आरसी, विमा पॉलिसी आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची प्रत. अपघात झाला त्या तारखेला पॉलिसी चालू होती का, हे वकील सगळ्यात आधी बघतात.

एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल द्यायचा असतो आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. पण तुम्ही "येईल आपोआप" म्हणून बसू नका. आम्ही चार चकरा मारल्या, तेव्हा कागद हातात पडले.

हॉस्पिटलकडून : केसपेपर, इंजुरी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, प्रत्येक बिल आणि प्रत्येक औषधाची पावती. मेडिकलवाल्याची थर्मल पावती काही काळाने पुसट होते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा आणि झेरॉक्स ठेवा. रिक्षाचे पैसे, घरी ठेवलेल्या माणसाचा खर्च, कुणी किती दिवस काम सोडून सेवा केली, हे सगळं एका वहीत तारखेसह लिहा. मी एक्सेल शीट केली होती.

कामाकडून : नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, किती दिवस बिनपगारी रजा झाली त्याचं पत्र. तुम्ही डिलिव्हरी करत असाल किंवा कॅब चालवत असाल तर ॲपमधलं आठवड्याचं पेमेंट डाउनलोड करून ठेवा. अकाउंट बंद झालं तर तो पुरावाही गेला.

आता गणित

इथे मला खरी मजा आली, आणि खरा धक्का पण बसला.

कायद्यात दोन वाटा आहेत. एक कलम 164. तिथे चूक कुणाची ते सिद्ध करावं लागत नाही. मृत्यू असेल तर 5 लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख, विषय संपला. दुसरी वाट कलम 166. तिथे समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण प्रत्यक्ष नुकसानाप्रमाणे भरपाई मिळते. कुठली वाट धरायची हा वकिलाचा पहिला मोठा निर्णय. आमच्या मॅडमनी 166 धरलं.

कायमचं अपंगत्व आलं तर पुढच्या कमाईचं नुकसान असं काढतात : महिन्याचं उत्पन्न, त्यात भविष्यातल्या वाढीचे टक्के, गुणिले 12, गुणिले कमाईची क्षमता किती टक्के गेली, गुणिले वयाचा गुणक. सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालात हे गुणक ठरले आहेत. 26 ते 30 वयाला 17. आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालानुसार, कायम नोकरी नसलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला 40 टक्के वाढ धरतात.

भावाला महिन्याला 18 हजार मिळायचे. पण त्यातले 12 हजार बँकेत आणि 6 हजार कॉन्ट्रॅक्टर रोख द्यायचा. आता बघा. कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरू.

18 हजार धरले तर : 25,200 गुणिले 12 गुणिले 30 टक्के गुणिले 17, म्हणजे 15 लाख 42 हजार 240.

12 हजार धरले तर : 10 लाख 28 हजार 160.

फरक 5 लाख 14 हजार. का? तर रोख मिळालेल्या सहा हजारांचा कागद नाही म्हणून! कॉन्ट्रॅक्टर साक्षीला यायला तयार नव्हता. "मी कधी रोख दिलेच नाहीत" म्हणाला. भाऊ त्या दिवशी मला म्हणाला, "दादा, मी ते पैसे घरी आणून आईच्या हातात दिलेत रे, आणि कोर्टात ते नव्हतेच?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून सांगतो, पगार बँकेत मागा. वाद घालून मागा.

टक्के कुणाचे?

अपंगत्वाचा दाखला आला की लोकांना वाटतं तेच टक्के गणितात बसतात. तसं नाही. पायाचे टक्के म्हणजे अख्ख्या शरीराचे टक्के नव्हेत. आणि शरीराचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत. 2010 च्या राजकुमार निकालात कोर्टाने छान उदाहरण दिलंय. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते.

म्हणून मॅडमनी डॉक्टरांना साक्षीत "किती टक्के" एवढंच विचारलं नाही. याला उकिडवं बसता येईल का? शिडी चढता येईल का? आठ तास उभं राहता येईल का? फिटरचं काम म्हणजे हेच तर असतं. चांगला वकील तुमचं काम समजून घेतो. तुम्ही दिवसभर नक्की काय करता हे विचारलंच नाही, तर जरा सावध व्हा.

याशिवाय वेदना, सोसलेला त्रास, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, बुडालेला पगार यांची वेगळी मागणी असते. शिवाय दावा दाखल केल्याच्या तारखेपासून साधारणपणे व्याजही मिळतं.

मुदत आणि फी

एप्रिल 2022 पासून कायद्यात लिहिलंय, की अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर तुम्ही थांबू नका. प्लास्टर निघायची वाट बघत बसलात तर निम्मी मुदत तशीच जाते. आम्ही पाचव्या महिन्यात दाखल केला. उपचार संपायची गरज नसते, पुढची बिलं नंतर जोडता येतात.

आणि फी. हॉस्पिटलच्या दारात कुणीतरी भेटेल, म्हणेल, "फी नको, मिळेल त्यातले तीस टक्के द्या." बार कौन्सिलच्या नियमात वकिलाला निकालावर किंवा रकमेच्या हिश्शावर फी ठरवता येत नाही. फी आधी ठरवा, पावती घ्या. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही अजिबात नको. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

लोकअदालतीत तडजोडीचा पर्यायही येतो. पैसे लवकर मिळतात, पण नंतर अपील नाही. म्हणून तिथे जाताना वर सांगितलेलं गणित खिशात असू द्या.

आमचं काय झालं? तीन वर्षांनी निकाल लागला. उत्पन्न 12 हजारच धरलं, टक्के मात्र डॉक्टरांच्या साक्षीमुळे बरे मिळाले. रकमेचा काही भाग बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायला सांगितला. भाऊ आता फिटर नाही, एका वर्कशॉपमध्ये बसून स्टोअर सांभाळतो. पाऊस आला की पाय दुखतो. त्याचं गणित कुठल्या निकालात नाही.

पण पंचवीस हजारांवर सही केली असती, तर काय झालं असतं, याचा विचार करा.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, खासकरून रात्रपाळीला जाणाऱ्यांना. गाडी सावकाश चालवा, हेल्मेट घाला. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!