दम आधी येतो, हाड मागून

(तुये येथील शरद व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पेडण्याची पुनाव झाली की पावसाचा जोर ओसरतो, पहाटे गारवा जाणवू लागतो आणि आपल्या रस्त्यांवर धावणारे नवे चेहरे दिसायला लागतात. कुणाला वजन उतरवायचं असतं, कुणाला साखर आटोक्यात आणायची असते, कुणाची पोलीस भरती तोंडावर आलेली असते. पहिले दोन-तीन आठवडे उत्साहात जातात. मग एका सकाळी नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या थोडं वर, ठणका लागतो. काही जण बाम चोळून तसेच धावत राहतात. काही जण धावणं आपल्यासाठी नाहीच असं ठरवून बूट कोपऱ्यात टाकतात. मला या दोन्ही गोष्टींचं वाईट वाटतं, कारण हे दुखणं बहुतेक वेळा टाळता येतं आणि वेळीच ओळखलं तर पूर्ण बरं होतं.

पहिल्या महिन्यातच ते का येतं? धावू लागल्यावर रक्तातल्या द्रवाचं प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. काल जिथे धाप लागत होती तिथे आज लागत नाही. माणसाला वाटतं, जमलं, आता अंतर वाढवू. पण हाडाचा हिशेब वेगळा आहे. हाड भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलतं, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडलं. ती घडण बदलताना शरीर आधी जुना भाग पोखरतं आणि मग नवा भरतं. चिऱ्यांच्या जुन्या भिंतीतला झिजलेला चिरा काढल्याशिवाय नवा बसत नाही, तसंच. पोखरण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत होतं, भरण्याला मात्र काही महिने लागतात. म्हणजे नवा धावणारा जेव्हा सर्वांत जोमात असतो, नेमकी तेव्हाच त्याची नडगी सर्वांत कमकुवत असते. आज मला सांगायचं ते मुख्यतः एवढंच आहे.

भाराने हाड असं दुखावणं सैन्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी कूच करून सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. कारण दिसत नव्हतं. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, त्यानंतर कळलं की त्या पावलांतली हाडं तडकलेली होती. आजही नडगीची बारीक तडक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. ‘फोटो चांगला आला’ म्हणून दुसऱ्या दिवशी धावायला जाऊ नका.

घरी एक तपासणी करता येते. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल, तर बहुधा हाडावरचं आवरण आणि त्याला लागलेले स्नायू चिडलेले आहेत. एकाच टिचभर जागी बोट ठेवताच कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर तडक गेली असण्याचा संशय घ्यायचा, धावणं त्या क्षणी थांबवायचं आणि इस्पितळात जायचं. गरज पडली तर तिथून एमआरआयसाठी पुढे पाठवतील. नडगीच्या पुढच्या कडेवर मधोमध असं दुखणं असेल तर एक दिवसही घालवू नका, ती तडक भरायला हट्टी असते. आणि ठरावीक अंतर गेल्यावर पोटरी आवळते, पाऊल बधिर होतं, थांबलं की सुटतं, असं होत असेल तर तो तिसराच प्रकार. त्यालाही डॉक्टर हवाच.

आता आपल्या वाटांविषयी. आपल्याकडे पदपथ नाहीत, म्हणून शहाणा माणूस समोरून येणारी वाहनं दिसावीत असा रस्त्याच्या उजव्या कडेने धावतो. ते योग्यच आहे. पण डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा उजवं पाऊलच खाली पडतं. मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर तसं होत नाही. तिथे जाताना एक पाय खाली, परतताना दुसरा. मात्र भरतीच्या वेळी उतार जास्त आणि वाळू मऊ, पोटरीवर ताण फार. ओहोटी लागल्यावर पाण्याजवळची घट्ट, सपाट वाळू निवडा. गावातलं मैदान मिळालं तर सर्वांत उत्तम. आपल्या औद्योगिक वसाहतीत आठ तास सिमेंटच्या लादीवर उभं राहून काम करणाऱ्यांनी पाळी संपल्या संपल्या धावू नये. त्या पायांनी दिवसाचं काम आधीच केलेलं असतं.

तेरेखोल नदीपलीकडच्या मुलांची मला विशेष काळजी वाटते. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. जाहिरात निघाली की ती रोज धावतात, रोज घड्याळ लावून धावतात. त्यांना मी सांगतो, जाहिरातीची वाट पाहू नका. चार महिने आधी, एक दिवसाआड, मिनिटभर धावणं आणि दोन मिनिटं चालणं इथून सुरू करा.

दुखू लागलंच, तर चालताना दुखायचं थांबेपर्यंत धावणं बंद. सायकल चालवा, पोहा, दम टिकून राहील. दुखऱ्या जागी दहा-पंधरा मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरल्याने आराम पडतो. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका, ती फक्त सूचना बंद करते. भिंतीला हात टेकून, गुडघे किंचित वाकवून टाचा उचलण्याचा व्यायाम करा, त्याने पोटरीतला खोलवरचा स्नायू बळकट होतो. पुन्हा सुरू कराल तेव्हा लांब ढांगा टाकू नका. मिनिटाला पडणारी पावलं मोजा आणि तोच वेग ठेवून ती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा, प्रत्येक पावलाचा भार कमी होतो.

इथे बसलेल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा त्रास मुलींना जास्त होतो. धावणं वाढवलं आणि जेवण कमी केलं की शरीर हाडाच्या डागडुजीवर काटकसर करतं. पाळी लांबू लागली किंवा बंद झाली, तर ती लाजेने दडवायची बाब नाही, हाडं धोक्यात असल्याची ती खूण आहे. नाचणीची भाकरी, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, ताक, कोवळं ऊन हे सगळं आपल्याकडे आहे. पोटभर खाल्ल्याशिवाय मुलीला धावायला पाठवू नका.

माझं बोलणं इथे थांबवतो. ज्यांना दुखरी जागा दाखवायची आहे, त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर मंचाजवळ यावं.