काट्यापासून ताळेबंदापर्यंत



वाणिज्य, व्यवस्थापन आणि शाश्वत तंत्रज्ञान या विषयांच्या अभ्यासकांची परिषद मुंबई-पुण्यास न भरता लोकनायक बापूजी अण्यांच्या वणी या जन्मगावी भरावी, आणि तिचे अध्यक्षपद आयुष्यभर खडूफळ्याशी संबंध ठेवलेल्या माझ्यासारख्या मास्तराकडे यावे, यांपैकी पहिल्या गोष्टीचा मला मनःपूर्वक आनंद आहे आणि दुसरीबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने विषयाच्या व्याप्तीचे सिंहावलोकन करावे असा रिवाज आहे खरा. परंतु ज्या विषयावर जगभर रोज शेकडो निबंध प्रसिद्ध होतात त्याचे सिंहावलोकन करावयास सिंहही धजणार नाही. म्हणून आपले प्रश्न आपण कोठून आणतो, एवढ्या एकाच बाबीवर मी बोलणार आहे.

परिषदेकडे आलेल्या निबंधांचे सारांश चिटणिसांनी मजकडे अगोदर पाठविले होते आणि मी ते सर्व वाचले. त्यांतील पुष्कळ निबंधांची घडण एकच आहे: एक प्रश्नावली, तिच्यात ‘पूर्णतः सहमत’ पासून ‘पूर्णतः असहमत’ पर्यंत पाच कप्पे, ती भरून देणारे शंभर-सव्वाशे प्रतिसादक, त्यांवर संगणकाने चालविलेली एखादी कसोटी, आणि शेवटी ग्राहकांचे समाधान व सेवेचा दर्जा यांत सार्थ संबंध आढळतो असा निष्कर्ष, जो कोणत्याही किराणा दुकानदाराने गल्ल्यावर बसल्या बसल्या फुकट सांगितला असता. या पद्धतीला शास्त्रात स्थान नाही असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या तालुक्यात जमिनीवर कापूस आणि जमिनीखाली कोळसा, चुनखडी व डोलोमाइट आहे, ज्याच्या पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा वाहते, ज्याच्या शेजारी मुकुटबनला सिमेंटचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि ज्याच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या कित्येक पिढ्या पेटत आल्या, त्या तालुक्यात बसून आपण मोबाइलवरून पैसे देणाऱ्यांच्या समाधानाची पातळी मोजीत बसावे, हे मात्र मला अपव्ययाचे वाटते.

दोष केवळ संशोधकांचा नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 च्या नियमांनी प्राध्यापकाच्या बढतीस गुणांकांचा तराजू लावला, निबंधांची संख्या हे त्या तराजूतले मुख्य वजन ठरले, आणि मागणी उत्पन्न होताच पुरवठा करणारे दुकानदार गल्लोगल्ली निर्माण झाले. पुढे पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांपैकी 1,009 नियतकालिके तपासली. त्यांतील 88 टक्के किमान कसोटीलाही उतरली नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढून टाकली. आचार्यपदवीपूर्वी निबंध छापून आणण्याची सक्ती 2022 च्या नियमांनी उठविली. सक्ती गेली, परंतु सवय जावयास अधिक काळ लागतो. आणि सवय जाऊन तिच्या जागी काय यावे, हा प्रश्न कोणत्याही आयोगाच्या परिपत्रकाने सुटणारा नाही.

तो सुटण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची आवश्यकता आहे असेही नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेत पहिल्या काही वर्षांत जी कामे हाती घेतली त्यांत पुण्याच्या फळबाजाराची पाहणी होती, ती 1933 साली छापून निघाली. आणि 1940 साली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी निघाली, जिच्यात शेती हा एक धंदा समजून तिचा जमाखर्च शेतकऱ्यागणिक मांडलेला होता. फळांची टोपली बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत कोणाकोणाचे हात तिला लागतात आणि प्रत्येक हात किती उचलतो, याचा शोध घेण्यात या थोर अर्थशास्त्रज्ञाला कमीपणा वाटला नाही. आमच्या शेजारच्या वर्ध्यास मगनवाडीत तर याहून विलक्षण उदाहरण होते. जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतलेले, मुंबईत स्वतःचा त्या धंद्याचा व्याप असलेले गृहस्थ. अमेरिकेत त्यांनी व्यवसाय-प्रशासन आणि सार्वजनिक अर्थकारण यांचा अभ्यास केला, आणि त्यांतला दुसरा कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्या हाताखाली, ज्यांनी डॉ. आंबेडकरांच्या प्रांतिक अर्थकारणावरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. हा मनुष्य 1934 नंतर ग्रामोद्योग संघाच्या कामासाठी वर्ध्यास राहिला. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने 1938 साली नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, आणि समितीने आपल्या शिफारशी केल्या त्या सहाशेहून अधिक गावांची पाहणी करून. आज ज्याला आपण शाश्वत विकास म्हणतो त्याची मीमांसा करणारा ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ त्यांनी पुढे जबलपूरच्या तुरुंगात लिहिला. ज्याला ताळेबंद वाचता येतो त्यालाच ताळेबंदात काय आलेले नाही हे दिसते. कुमारप्पांचे सारे अर्थशास्त्र मला या हिशेबनीसाच्या नजरेतून निघालेले दिसते, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याने त्यांच्यापासून घ्यावयाचे तेही हेच.

आता वणीच्या कापसाच्या काट्याकडे येतो. आपल्या वऱ्हाडातल्याच कारंज्यास 1886 साली देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि 1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला; म्हणजे बाजाराच्या व्यवस्थापनाचे शास्त्र या प्रांताला कोणा व्यवस्थापन-संस्थेकडून उसने आणावे लागलेले नाही. तरीही कापसाच्या विक्रीबद्दल आपण आजही ऐकीव माहितीवर बोलतो. उदाहरणादाखल ओलाव्याची कटती घ्या. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने कापूस घेते तेव्हा 8 टक्के ओलावा प्रमाण मानते, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे भावात एक टक्का कपात करते, आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास, पहिल्या वेचणीचा कापूस दवाने ओला असताना, खरेदी केंद्राच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कोणालाही विचारा. ही कटती म्हणजे शेतकऱ्याची लूट आहे, असे उत्तर येईल. व्याख्यानांतूनही आपण तेच सांगतो.

जरा हिशेब करून पाहू. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. 12 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल कापूस तसाच काट्यावर टाकला तर 4 टक्के कापले जाऊन शेतकऱ्याच्या हाती सुमारे 7,786 रुपये पडतील. तोच कापूस त्याने गच्चीवर पसरून 8 टक्क्यांपर्यंत वाळविला, तर पाणी उडून गेल्यामुळे त्याचे वजन ढोबळ मानाने 95 किलो 650 ग्रॅम भरेल, आणि पुऱ्या भावाने त्याचे 7,757 रुपये येतील. म्हणजे वाळविण्याची मजुरी न धरताही ओला कापूस विकणारा 29 रुपयांनी वरचढच राहिला! कटती ही लूट नव्हे, ती केवळ पाण्याचे पैसे न देणे होय. मग शेतकऱ्याची तक्रार खोटी का? मुळीच नाही, फक्त तिची जागा निराळी आहे. खरा तोटा होतो तो 12 च्या उंबरठ्यावर. यंत्राने तेरा दाखविले की गाडी परत फिरते. गाडीभाडे अंगावर पडलेले असते, दिवस मोडलेला असतो, कृषी केंद्राची उधारी किंवा सावकाराचे व्याज डोक्यावर असते, आणि फाटकाबाहेरचा खासगी व्यापारी जो भाव सांगेल तो घेण्यावाचून गत्यंतर नसते. चौथ्या टक्क्याला 81 रुपये कापणारा नियम पाचव्या टक्क्याला एकदम शेकड्यांनी कापतो, आणि ही दुसरी कपात कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते.

आता यातून किती प्रबंध निघतात ते पाहा. परत फिरलेल्या गाड्यांची नोंद कोण ठेवतो? ज्याच्या घरी कापूस पसरावयास पक्की गच्ची आहे आणि ज्याच्या घरी नाही, त्या दोघांना एकाच हंगामात पडलेल्या भावात अंतर किती? महिनाभर थांबण्याची ऐपत येण्यासाठी गोदामाच्या पावतीवर बँकेने कर्ज दिले तर व्याज अधिक की वाचलेला तोटा अधिक? जिनिंगवाल्याची बाजूही आहे: क्विंटलभर कापसातून चौतीस किलोच्या आसपास रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी; रुईचा उतारा एका किलोने घटला तर त्याचे गणित कसे बिघडते? वित्तव्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातील खेळत्या भांडवलाचे प्रकरण येथे जिवंत होऊन उभे राहते, आणि त्यासाठी प्रश्नावलीची गरज नसते. बाजार समितीची आवक-नोंद, अडत्याच्या खतावण्या आणि शेतकऱ्याच्या पिशवीतल्या पावत्या एवढे साहित्य पुरते. अडत्या आपली वही दाखवील काय, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. पहिल्या दिवशी दाखविणार नाही. तथापि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, तो फारसा कामात नसतो आणि त्याला बोलावयास माणूस हवा असतो.

कोळशाचे दप्तर यापेक्षा जड आहे, आणि आपल्या परिषदेच्या नावातील ‘शाश्वत’ हे विशेषण खरे ठरावयाचे असेल तर ते उघडल्यावाचून उपाय नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणींभोवती काढलेल्या मातीचे जे डोंगर उभे राहिले आहेत ते आपण रोज पाहतो. रस्त्याकडेच्या शेतांतील पांढरे सोने कोळशाच्या धुळीने काळवंडते ही तक्रारही नवी नाही. परंतु खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसा अडकवून ठेवण्याची तरतूद कोळसा मंत्रालयाने 2009 साली केली, त्या वेळच्या किमतीने उघड्या खाणीस हेक्टरी 6 लाख रुपये आणि भूमिगत खाणीस 1 लाख असा दर ठरविला, आणि खाण चालू असताना केलेल्या पुनर्भरणाबद्दल पाच-पाच वर्षांनी त्यातील 80 टक्क्यांपर्यंत रक्कम परत उचलण्याची सोय तेव्हा ठेवली, हे वाणिज्याच्या किती प्राध्यापकांनी वर्गात शिकविले असेल? एका खाणीचे एवढे एक खाते घेऊन जमा किती, उचल किती, उचलीसमोर प्रत्यक्ष जमिनीवर काम किती, हे लावून दाखविणारा प्रबंध मला सव्वाशे प्रतिसादकांच्या दहा प्रबंधांपेक्षा मोलाचा वाटेल. तसेच जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचे. 2015 च्या कायदादुरुस्तीने ते आले. जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या 30 टक्क्यांइतकी रक्कम त्यात जमा होते, आणि मूळ मार्गदर्शनानुसार तिच्यातील किमान 60 टक्के पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्चावयाची होती. धूळ कोणत्या गावावर बसते आणि निधी कोणत्या गावास पोहोचतो, या दोन नकाशांची एकावर एक मांडणी हे सार्वजनिक वित्ताचे संशोधनच होय. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हाती आहे. तो केवळ वृत्तपत्रांच्या वार्ताहरांसाठी झालेला नाही.

तंत्रज्ञानाविषयी थोडेच बोलतो, कारण त्यातले जाणकार समोर बसले आहेत. पऱ्हाटीचे, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कापसाच्या वाळक्या झाडांचे, उदाहरण मात्र राहवत नाही म्हणून सांगतो. मुंबईतील कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जिची परंपरा 1924 पर्यंत मागे जाते, तिने पऱ्हाटीपासून दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या बनविण्याचे काम केव्हाच सिद्ध करून दाखविले. औष्णिक केंद्रांनी कोळशात काही अंश जैव इंधन मिसळावे असे केंद्र सरकारचे धोरणही आहे. आणि तरी फाल्गुन सरताना आपल्या शिवारात पऱ्हाटी धुऱ्यावर जळताना दिसते. यंत्र आहे, गिऱ्हाईक आहे, कच्चा माल आहे, मग अडले कोठे? उपटण्याच्या मजुरीवर, की विरळ पसरलेला हलका माल गोळा करण्याच्या वाहतुकीवर, की महिन्याभराच्या हंगामासाठी वर्षभर यंत्र बाळगण्याच्या व्याजावर? माझा संशय तिसऱ्यावर आहे. परंतु अध्यक्षाचा संशय म्हणजे पुरावा नव्हे; कोणी तरुणाने एक उन्हाळा घालून तो खोडून काढावा.

एक सूचना व्यवहाराची. या परिषदेत वाचलेला प्रत्येक निबंध मराठीतही लिहिला जावा, आणि ज्या दप्तरातून त्याचे आकडे आले असतील त्या कचेरीस, बाजार समितीस वा ग्रामपंचायतीस त्याची एक प्रत जावी. इंग्रजी नियतकालिकाचा संपादक निबंधातील चूक क्वचित पकडतो. ज्याच्या कापसाविषयी आपण लिहिले तो शेतकरी ती पहिल्याच पानावर पकडील, आणि अशा परीक्षकाची आपल्या विषयाला फार दिवसांची उणीव आहे. मराठीत हे शब्द नाहीत अशी सबब कृपा करून कोणी सांगू नये. रोजकीर्द, खतावणी, तारण, कटती, उतारा, ताळेबंद हे शब्द आमच्या पेढ्यांवर आणि कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत, आणि जेथे शब्द अपुरा पडेल तेथे दोन ओळी अधिक लिहाव्यात.

पहिल्या सत्रात चार निबंध वाचले जावयाचे आहेत. वाचकांनी आरंभी आपले आकडे कोणत्या वहीतून, कोणत्या साली आणि कोणाच्या परवानगीने घेतले ते सांगावे, आणि निष्कर्ष मागाहून सांगावा, एवढी विनंती करून मी सत्राच्या कामकाजास अनुमती देतो.